४२.३४ मीटर : चिमूरची बातमी, काँग्रेस रेडिओ आणि हौशी प्रक्षेपकाचे गुणधर्म

१. नागपूरच्या दक्षिण कडेला हुडकेश्वर आहे. आज तेथे दाट वसाहती आहेत. १९४२ साली ते शहराबाहेरचे गाव होते. तेथून चिमूर सुमारे १०० किलोमीटरवर, तर मुंबई सरळ रेषेत सुमारे ७०० किलोमीटरवर. १९४२ च्या पावसाळ्यात चिमूरला जे घडले ते नागपूरच्या वृत्तपत्रांना मोकळेपणाने छापता येत नव्हते. मुंबईच्या एका खोलीतून मात्र ते साऱ्या देशाला ऐकवले गेले. लघुलहरींच्या एका लहानशा प्रक्षेपकाने हे कसे साधले आणि त्याच प्रक्षेपकाच्या गुणधर्मांनी त्याच्या चालकांना धोक्यात कसे टाकले, याविषयीचा हा धागा.

२. १६ ऑगस्ट १९४२ हा नागपंचमीचा दिवस. गांधीजी व काँग्रेसचे प्रमुख नेते ९ ऑगस्टलाच पकडले गेले होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी जागा झालेला चिमूरचा जनसमुदाय रस्त्यावर आला. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसे पडली; खवळलेल्या जमावाने काही सरकारी अधिकाऱ्यांना ठार मारले. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातील आष्टीच्या पोलीस ठाण्यावरही दोन्ही बाजूंचे लोक मेले. पुढे चिमुरात लष्कर आणि पोलीस शिरले. धरपकड, लूट आणि स्त्रियांवरील अत्याचारांच्या कहाण्या हळूहळू बाहेर येऊ लागल्या.

३. त्या बाहेर येण्याच्या वाटा फार थोड्या होत्या. वृत्तपत्रांवर युद्धकाळातील निर्बंध होते. ‘ऑल इंडिया रेडिओ’ सरकारच्या हातात होता. चळवळीतील मंडळी त्याला उपहासाने ‘अँटी इंडिया रेडिओ’ म्हणत. नागपूरला तर स्वतःचे नभोवाणी केंद्रही नव्हते. ते १९४८ मध्ये सुरू झाले. मध्य प्रांत व वऱ्हाडची ही राजधानी आकाशातून जे ऐकत असे, ते सारे बाहेरगावच्या केंद्रांचे असे.

४. हौशी रेडिओचालक, ज्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात, ते भारतात १९२० च्या दशकापासून होते. घरी बांधलेल्या यंत्रावरून ते दूरदेशच्या हौशींशी बोलत. परंतु १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच नवे परवाने बंद झाले आणि असलेली प्रक्षेपण यंत्रे पोलिसांकडे जमा करण्याचे हुकूम सुटले. यंत्रे गेली तरी ती बांधण्याचे ज्ञान काही थोड्या माणसांच्या हातात आणि डोक्यात राहिले होते. १९४२ मध्ये त्याच ज्ञानाची गरज पडली.

५. उषा मेहता तेव्हा २२ वर्षांच्या होत्या. विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी आणि चंद्रकांत झवेरी हे त्यांचे सहकारी. प्रक्षेपक बांधण्याचे काम नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओचालकाने केले. काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिक्षेपक पुरवणाऱ्या ‘शिकागो रेडिओ’चे नानिक मोटवाने यांची साधनसामग्रीची मदत झाली. राममनोहर लोहिया आणि अहमदनगरचे अच्युतराव पटवर्धन यांच्यासारखे भूमिगत नेते मजकुराला दिशा देत. २७ ऑगस्ट १९४२ रोजी हे केंद्र प्रथम बोलले.

६. केंद्राच्या घोषणेत दोन गोष्टी असत : ४२.३४ मीटर हा लहरींचा आकडा आणि ‘हिंदुस्थानातून कुठूनतरी’ हा पत्ता. पहिली गोष्ट अगदी नेमकी, दुसरी जाणूनबुजून संदिग्ध. ऐकणाऱ्याला केंद्र सापडले पाहिजे आणि पोलिसांना सापडता कामा नये, ही या उद्योगाची मूळ अडचण त्या एका वाक्यातच सामावली होती. प्रक्षेपकाचा जवळजवळ प्रत्येक गुणधर्म या अडचणीच्या दोन्ही बाजूंना लागू पडतो.

७. पहिला गुणधर्म कंप्रता, म्हणजे फ्रिक्वेन्सी. लहर प्रकाशाच्या वेगाने जाते. त्या वेगाला ४२.३४ मीटर या लांबीने भागले की सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ येतात. हौशी चालक ज्याला ‘४० मीटरचा पट्टा’ म्हणतात, त्यात हा आकडा बसतो. दशांशचिन्हानंतरचे दोन अंकही शोभेचे नव्हते. या ठिकाणी मीटरचा शंभरावा भाग बदलला तरी कंप्रता सुमारे पावणेदोन किलोहर्ट्झने सरकते. प्रक्षेपक आपल्या जागी स्थिर राहिला नाही, तर रेडिओचे बटण फिरवणाऱ्या श्रोत्याला तो रोज नव्याने हुडकावा लागेल.

८. म्हणूनच हौशी चालक आंदोलकाच्या, म्हणजे ऑसिलेटरच्या स्थैर्याला फार जपत. निर्वात नळ्या तापल्या की कंप्रता घसरू लागते. क्वार्ट्झचा नेमक्या मापाने घासलेला स्फटिक वापरला तर ती जागेवर टिकते, परंतु मग जागा बदलता येत नाही. स्थिर कंप्रतेमुळे श्रोता रोज त्याच ठिकाणी येतो, आणि कान लावून बसलेला सरकारी कर्मचारीही रोज त्याच ठिकाणी येतो.

९. मग मध्यमलहरींवर का बोलायचे नाही? घरोघरच्या रेडिओवर त्या सहज लागत. अडचण आकाराची होती. ३०० मीटरच्या लहरीसाठी पाव लांबीचा मनोरा घ्यायचा म्हटले तरी तो ७५ मीटर उंच होतो, आणि दिवसा दूर पोहोचण्यासाठी मोठी शक्तीही लागते. असे केंद्र सरकारला उभारता येते, लपून राहणाऱ्यांना नाही. लघुलहरींवर थोड्या शक्तीत आणि लहान तारेवर शेकडो किलोमीटर जाता येते. गुप्त केंद्रासाठी हाच पट्टा उरत होता.

१०. लघुलहरी इतक्या दूर जातात त्या आकाशामुळे. जमिनीपासून काही शेकडो किलोमीटर उंचीवर सूर्याच्या किरणांनी विद्युद्भारित झालेला हवेचा विरळ थर असतो. ७ मेगाहर्ट्झची लहर तेथवर चढते, वळते आणि दूरवर पुन्हा जमिनीवर उतरते. दिवसा त्याच्याही खालचा एक थर या लहरीला शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि आवाज उठावदार होतो. काँग्रेस रेडिओचे प्रक्षेपण मुख्यतः संध्याकाळचे असे. श्रोते त्या वेळी घरी असत, आणि आकाशही त्याच वेळी साथ देई.

११. मुंबई ते नागपूर हे ७०० किलोमीटर अशा एका उडीत पार पडतात. लहर मुंबईहून निघते, मराठवाडा व वऱ्हाडच्या डोक्यावरून जाते आणि विदर्भात उतरते. रात्र वाढली की वरचा थर क्षीण होतो आणि सरळ वर गेलेली लहर परत न येता निघून जाते. तेव्हा प्रक्षेपकाभोवती एक मुका पट्टा तयार होतो : अगदी जवळ आवाज येतो, मध्ये काहीच नाही, पुढे पुन्हा स्पष्ट. अशा रात्री शंभर किलोमीटरवरच्या माणसापेक्षा नागपूरच्या माणसाला मुंबई अधिक चांगली ऐकू येऊ शकते.

१२. दुसरा गुणधर्म तारेचा, म्हणजे एरियलचा. लहरीच्या निम्म्या लांबीची तार सर्वांत सोयीची. ४२.३४ चे निम्मे २१ मीटर. प्रत्यक्षात पाचेक टक्के कमी धरून सुमारे २० मीटर. एवढी तार शक्य तितकी उंच ताणली पाहिजे. ती कमी लांबीची, वेडीवाकडी किंवा घरातच ठेवली तर शक्ती बाहेर पडण्याऐवजी यंत्रातच उष्णता होऊन वाया जाते. लपवलेली तार नीट बोलत नाही, आणि नीट बोलणारी तार गच्चीवर दिसते.

१३. तिसरा गुणधर्म शक्तीचा. निर्वात नळ्यांच्या प्रक्षेपकाला शेकडो व्होल्ट दाब लागतो. त्यासाठी लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर आणि विजेची भक्कम जोडणी हवी. शक्ती वाढवावी तसे यंत्र जड होते, तापते, वीज अधिक खाते. आजूबाजूच्या बिऱ्हाडांतील रेडिओमध्ये घरघर सुरू होण्याचा धोकाही वाढतो. रोज एका ठिकाणी बोलून काही दिवसांत दुसरीकडे हलायचे असेल, तर हे वजन कोणीतरी उचलून जिना चढावा लागतो.

१४. चौथा गुणधर्म, आवाज लहरीवर चढवण्याची रीत. तेव्हाची रीत ‘एएम’ची होती : मधोमध एक अखंड वाहक लहर आणि तिच्या दोन्ही अंगांना आवाजाची प्रत बाळगणारे दोन पट्टे. पूर्ण आवाजातही दोन तृतीयांश शक्ती वाहकातच जाते, आणि त्यात शब्द एकही नसतो. हिशेबाने पाहिले तर हा मोठा अपव्यय. परंतु त्या वाहकामुळेच साध्यात साधा रेडिओ बोलणे उलगडू शकतो. ज्याच्या घरी लघुलहरींची सोय असलेला कोणताही संच होता, त्याला काँग्रेस रेडिओ ऐकण्यासाठी वेगळे काही घ्यावे लागले नाही.

१५. आजचा हौशी चालक वाहक आणि एक पट्टा काढून टाकतो. याला ‘एसएसबी’ म्हणतात. १० मेगाहर्ट्झच्या खाली खालचा पट्टा वापरण्याची प्रथा आहे. सहा किलोहर्ट्झऐवजी सुमारे तीन पुरतात आणि सारी शक्ती शब्दांना मिळते. त्यामुळे थोड्या वॉटमध्ये सातासमुद्रापार बोलता येते. मात्र साध्या रेडिओवर हे बोलणे बदकाच्या क्वॅकक्वॅकीसारखे ऐकू येते. काँग्रेस रेडिओला ही काटकसर परवडली नसती, कारण त्याचा श्रोता यंत्रज्ञ नव्हता.

१६. आज हौशी मंडळी जे यंत्र वापरतात तो ‘ट्रान्सीव्हर’ : प्रक्षेपक आणि ग्राहक एकाच पेटीत. दोघांचा आंदोलक एकच असल्याने जेथे ऐकावे तेथेच बोलता येते. कळ दाबली की बोलणे, सोडली की ऐकणे. हैदराबादचे अशहर फरहान यांनी २००३ मध्ये ‘बिटएक्स’ नावाचा असा स्वस्त संच रचला. सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून तो घरी बांधता येत असे, आणि पुढे त्याची ४० मीटरची आवृत्तीही निघाली. काँग्रेस रेडिओ मात्र एकतर्फी होता. त्याला उत्तर देण्याची सोय श्रोत्याकडे नव्हती. चिमूरची बातमी मुंबईला येताना माणसांच्या पायांनी, आगगाडीने आणि तोंडी निरोपांनी आली. परत जाताना ती लहरींवरून गेली.

१७. आता दुसरी बाजू. वेटोळ्याच्या आकाराची एरियल गोल फिरवली की एका दिशेला आवाज जवळजवळ बंद पडतो. त्यावरून लहर येण्याची रेषा कळते. दोन किंवा तीन ठिकाणांहून अशा रेषा नकाशावर आखल्या की त्या जेथे छेदतात तेथे प्रक्षेपक. आकाशातून उतरणारी लहर ही मोजणी बिघडवते, म्हणून दुरून शहर कळले तरी घर कळत नाही. त्यासाठी गाडीत यंत्र घालून गल्लोगल्ली फिरावे लागते. हे काम प्रक्षेपक चालू असतानाच होऊ शकते. म्हणून बोलणे थोडे ठेवायचे आणि जागा वारंवार बदलायची, एवढेच दोन उपाय केंद्राच्या हाती होते.

१८. जागा बदलतही गेल्या. चौपाटीवरची ‘सी व्ह्यू’ इमारत, वाळकेश्वर रस्त्यावरचा ‘रतन महाल’, लॅबर्नम रस्त्यावरचा ‘अजित व्हिला’, सँडहर्स्ट रस्त्यावरचे ‘लक्ष्मी भुवन’, गिरगावातील ‘पारेख वाडी’ आणि शेवटी महालक्ष्मी मंदिराजवळचा ‘पॅराडाइज बंगला’. मजकूर एका जागी ध्वनिमुद्रित व्हायचा आणि दुसऱ्या जागेवरून प्रक्षेपित व्हायचा. लहरींचा माग काढणारा प्रक्षेपकापर्यंत पोहोचला, तरी त्यामागची सगळी माणसे एकाच छाप्यात त्याच्या हाती लागू नयेत, असा बेत होता.

१९. याच जागांवरून चितगावच्या बाँबवर्षावाची, जमशेदपूरच्या संपाची, बलियाच्या उठावाची आणि चिमूर–आष्टीच्या अत्याचारांची बातमी देशाने ऐकली. छापील कागद जप्त करता येतो, छापखान्याला टाळे ठोकता येते. संध्याकाळी हवेत गेलेले वाक्य परत बोलावता येत नाही. सरकारने या चिमुकल्या केंद्राचा एवढा पाठलाग केला, त्याचे कारण हेच.

२०. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी छापे घातले. उषा मेहता यांच्या आठवणीप्रमाणे तंत्रज्ञाच्या फितुरीने त्यांना वाट दाखवली. त्या संध्याकाळी उषाबेन आणि चंद्रकांत झवेरी ‘पॅराडाइज बंगल्या’त प्रक्षेपण करत होते. शेवटचे ‘वंदे मातरम्’ चालू असतानाच दारावर धक्के बसू लागले. जागा बदलणे, वेळ थोडा ठेवणे, मुद्रण वेगळे करणे, या साऱ्या योजना लहरींच्या मागावर असलेल्यांविरुद्ध होत्या. यंत्र ज्याला ठाऊक आहे अशा माणसाविरुद्ध त्यांचा उपयोग नव्हता. आणि यंत्र जाणणारी माणसे इतकी थोडी होती, की त्यांच्यावाचून चालतही नव्हते.

२१. पुढे महिनोन्‌महिने चौकशी झाली. उषाबेन बोलल्या नाहीत. १९४३ मध्ये विशेष न्यायालयाने बाबूभाई खाकर यांना पाच वर्षे, उषा मेहता यांना चार वर्षे आणि चंद्रकांत झवेरी यांना एक वर्ष शिक्षा दिली. विठ्ठलदास झवेरी व नानिक मोटवाने सुटले. सरकारी यंत्रणेने रोज ऐकून उतरवून घेतलेली भाषणे या प्रकरणात पुरावा म्हणून आली. काँग्रेस रेडिओ काय बोलत होता हे आज आपल्याला बऱ्याच अंशी कळते, ते त्याला गप्प करू पाहणाऱ्यांनी ठेवलेल्या याच कागदांमुळे.

२२. तारखांचा एक योग नोंदवण्यासारखा आहे. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी, म्हणजे रेडिओ बंद पडण्याच्या आदल्या दिवशी, सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी यांनी चिमूरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून उपोषण आरंभले. ते १२ जानेवारी १९४३ पर्यंत चालले. त्याच्या बातम्यांवरही सरकारने बंदी घातली. तिच्या निषेधार्थ ६ जानेवारीला देशातील अनेक वृत्तपत्रांनी अंक काढला नाही. रेडिओ गेल्यावर चिमूरची गोष्ट एका माणसाच्या शरीराने आणि त्या दिवशी न निघालेल्या अंकांनी पुढे नेली.

२३. चिमूर–आष्टी खटल्यांतील फाशीच्या शिक्षांविरुद्ध मोठी चळवळ उभी राहिली. नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी तीत जिवाचे रान केले. १९४५ मध्ये उरलेल्या फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. उषा मेहता येरवड्याच्या तुरुंगातून १९४६ मध्ये बाहेर आल्या. पुढे मुंबईत त्यांनी अध्यापन केले. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि २००० च्या ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले.

२४. आज भारतात परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना मिळतो. त्याच्या नियमांत दोन गोष्टी ठळक आहेत. चालकाने प्रत्येक संभाषणात आपले संकेतनाम सांगितले पाहिजे. आणि आम जनतेसाठी प्रक्षेपण करता कामा नये, बोलणे फक्त दुसऱ्या परवानाधारकाशी. काँग्रेस रेडिओने नेमके याच्या उलट केले : आपण कुठे आहोत ते सांगितले नाही आणि सर्वांशी बोलला. परवान्याची चौकट शांततेच्या काळातील आहे. परवाना देणारी सत्ताच जेव्हा बातमी दाबते, तेव्हा त्या चौकटीबाहेर जाण्याची किंमत किती असते, ते १९४२ च्या शिक्षांवरून दिसते.

२५. ७.०८ मेगाहर्ट्झ ही जागा आजही हौशींच्याच पट्ट्यात आहे. हुडकेश्वरच्या एखाद्या गच्चीवर २० मीटर तार ताणली आणि दिवेलागणीनंतर संच लावला, तर शहरातील एलईडी दिव्यांच्या आणि इन्व्हर्टरच्या खरखरीतून मुंबईचे, हैदराबादचे हौशी आवाज येतात. खरखर कापणारी गाळणी, आवाज समपातळीवर ठेवणारी योजना, कंप्रता हर्ट्झपर्यंत दाखवणारे आकडे, असे पुष्कळ नवे गुण आजच्या यंत्रात आले आहेत. तारेची लांबी तीच आहे. संध्याकाळी विरणारा थरही तोच आहे, आणि मुंबईहून नागपूरला पोहोचणारी उडीही तीच. १९४२ मध्ये त्या उडीवरून चिमूरची बातमी आली होती.